शाळेमागचा उकिरडा

माझ्या आईच्या लेखी जगात सेवा दोनच होत्या, एक देवळातली आणि दुसरी सासरची. तिसऱ्या सेवेचा कागद मी कॉलेजातून घरी आणला तेव्हा ती अंगणात भुईमुगाच्या वेलांच्या ढिगाशेजारी बसून शेंगा तोडत होती. सांगलीपासून फार लांब नाही, कृष्णेच्या काठाला आमचं गाव. भाद्रपदात आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची, आणि शेंगा तुटतानाचा तो कट्कट् आवाज दिवसभर घरात भरलेला असायचा, इतका की तो थांबला की काहीतरी बिघडलंय असं वाटायचं. मी कागद वाचून दाखवला. आठ दिवस, माण तालुक्यात, समाजसेवेसाठी. आवाज थांबला. "सेवा करायला माणपातूर कशाला जायाला पायजे?" आई म्हणाली. "गोठ्यात दोन म्हशी सेवेची वाट बघत उभ्या हाईत."

कागद आमच्या शिंदे सरांचा होता. सर राज्यशास्त्र शिकवायचे. अंगानं काडी, पण आवाज असा की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा आमच्याच नोट्स उतरवून घ्यायची. त्या वर्षी त्यांनी 'नागरिकत्व आणि सामाजिक न्याय' असा विषय सुरू केला होता, आणि निम्मे गुण पेपराला, निम्मे गावात जाऊन केलेल्या कामाला, असं वरपर्यंत भांडून ठरवून घेतलं होतं. "न्याय खडूनं लिहिला तर डस्टरनं पुसला जातो," असं ते म्हणाले की आम्ही ते वाक्य वहीत उतरवायचो आणि खाली रेघ मारायचो. माझ्या वहीत तर दोन रंगांच्या रेघा असत. मी वर्गात पहिली होते आणि पहिल्या नंबराच्या मुलीला वाटतं ते सगळं मला वाटत असे. म्हणजे असं, की देशाचं बाकी सगळं ठीक आहे, फक्त मी जाऊन लोकांना समजावून सांगायचं तेवढं राहिलंय. आज पन्नाशी ओलांडल्यावर त्या मुलीची आठवण आली की मला तिचे कान उपटावेसे वाटतात. पण तिच्याच जिवावर मी पुढं पंचवीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, तेव्हा फार बोलत नाही.

परवानगी आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी दिली. आण्णांना तंबाखूचं व्यसन नाही, पत्त्यांचं नाही, एकच नाद, खताचा. दर वर्षी सुगी झाली की माणकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या बाजूला उतरत. आण्णा त्यांना पार वेशीबाहेर जाऊन गाठत आणि धान्य-गूळ देऊन आमच्या रानात मेंढरं बसवून घेत. मेंढरं उठून गेली की सकाळी आण्णा अनवाणी रानात फिरत, एकेक लेंडी बोटांत चुरडत आणि "सोनं हाय, सोनं" असं स्वतःशीच म्हणत. मला बघायला पहिलं स्थळ आलं तेव्हा चहा व्हायच्या आत त्यांनी मुलाच्या वडिलांना रानात नेऊन लेंडी चुरडून दाखवली होती. ते लोक परत आले नाहीत. "बरं झालं," आण्णा म्हणाले, "शेतीची आवडच न्हाई त्येंना." अशा माणसाला माण म्हटल्यावर विरोध कसा सुचावा? मेंढरंवाल्यांचा मुलूख हाय, चांगली मानसं हाईत, जाऊ दे तिला, असं म्हणून ते पंप चालू करायला निघून गेले.

आईनं अटी घातल्या. आम्ही जैन, आणि चातुर्मास चालू. आमच्या घरात एरवीसुद्धा सूर्य हाच मालक असे, दिवस मावळला की चूल बंद. पाच वाजले की आई हाका मारायला सुरुवात करायची आणि त्या हाका ऐकून शेजारचे लोक आपली घड्याळं लावायचे. चातुर्मासात त्यात कांदा, लसूण, बटाटा बंद, आणि पाणी दुहेरी फडक्यातून गाळूनच. हे सगळं माणमध्येही पाळायचं, असं मी देवासमोर कबूल केलं. आईनं दोन गाळणी-फडकी, डबाभर शेंगापोळ्या आणि दशम्या दिल्या आणि निरोप देताना म्हणाली, "लोकाची सेवा करताना लोकास्नी तरास देऊ नगंस." हे वाक्य मात्र मी वहीत लिहून घेतलं नाही.

विट्याला एसटी बदलून, म्हसवडला उतरून, पुढं टेम्पोतून आम्ही बाराजण आणि सर त्या गावात पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही, गावकऱ्यांनी मला अजून तशी परवानगी दिलेली नाही. उघडे माळ, कुसळं, मधूनमधून बोरीबाभळी, आणि आमच्याकडं ज्याला ओहोळही म्हणणार नाहीत अशा कोरड्या खाचेला तिथं ओढा म्हणत. पाण्याचा टँकर दोन दिवसांआड यायचा. त्या वर्षी पेरणीसाठी सगळ्या गावाचे डोळे हस्ताच्या पावसाकडं लागले होते. आमचा मुक्काम शाळेत. आमच्यात कोयनानगरचा दिलीप होता, तो आमचा गटप्रमुख. धरणाच्या वसाहतीत भूकंपाचे धक्के खात वाढल्यामुळं त्याला एक सवय होती, कुठं काही दाणकन वाजलं की तो आधी घराबाहेर उडी मारायचा आणि मग काय झालं ते विचारायचा. टेम्पोचं फाळकं आपटलं तेव्हा तो सरांच्या अंगावरून उडी मारून उतरला. गावकऱ्यांना वाटलं, मुलांना सेवेची फारच घाई दिसते.

आमचं स्वागत तात्यांनी केलं. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि पेनाशेजारी ग्रामपंचायतीचा शिक्का. त्या वेळी बायकांसाठी सरपंचपद राखून ठेवण्याचा प्रकार नवा होता आणि या गावची पाळी आलेली होती. सरपंच होत्या तात्यांच्या पत्नी, शालनताई. सरांनी उत्साहानं विचारलं, सरपंचबाई कुठं आहेत? तात्या म्हणाले, "हाय की घरी. भाकऱ्या थापतीया. मी बगतो समदं." सरांनी आमच्याकडं असं पाहिलं की आम्ही बाराजणांनी एकाच वेळी वह्या काढल्या.

जेवायला आमची घराघरात वाटणी झाली होती. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला ठकूबाई आल्या. उंच, काटक, कपाळावर गोंदण, आणि बोलणं असं की समोरचा एक पाऊल मागं सरकावा. नवरा मुंबईला बाजारात हमाली करायचा, दिवाळीला यायचा. इथं ठकूबाई, पंचवीस-तीस मेंढरं, दोन शेळ्या आणि ओढ्यापलीकडं एक लांबट पट्टी जमीन. मी माझे नियम सांगितले. ठकूबाईंनी ते शांतपणे ऐकले. "कांदा न्हाई, लसूण न्हाई, बटाटा न्हाई. दिस बुडाल्यावर काईच न्हाई. मंग तुमी जगता कशावर गं? वाऱ्यावर?" मी अहिंसेवर थोडं बोलले. त्यांनी मान हलवली आणि शेजारच्या बाईला सांगितलं, "पोरगी बरी हाय. पन तिच्या आईची लय दया येती."

दुसऱ्या दिवसापासून मात्र माझ्या पानात बिनलसणाची कारळ्याची चटणी, मटकीची उसळ, बाजरीची गरम भाकरी आणि शेळीचं दूध असे. मी टँकरचं पाणी फडक्यातून गाळायला लागले की पोरं भोवती जमायची आणि फडक्यावर काय राहिलं ते वाकून बघायची. एकदा एक मुंगळा राहिला, तो मी उचलून बाभळीखाली सोडला, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला दिवस मावळायच्या आत वाढायचं म्हणून ठकूबाई चरायची वेळ असतानाच मेंढरं रानातून लवकर परतवून आणत होत्या, हे मला तेव्हा दिसत होतं. पण दिसलं तरी त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मी सेवा करायला आले होते, आणि सेवेकऱ्याला कुणीतरी जेवायला घालणारच, असं मी धरून चालले होते.

तिसऱ्या दिवशी आम्ही मारुतीच्या पारावर पथनाट्य केलं. नाटक मीच लिहिलं होतं. दिलीप दुष्ट पुढारी झाला होता आणि मी ग्रामसभेत उभी राहून प्रश्न विचारणारी बाई. "मी बोलणार!" असं ओरडून मी पदर खोचला. "हा माझा हक्क आहे! उत्तर मिळाल्याशिवाय मी खाली बसणार नाही!" बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, पुरुष तात्यांकडं बघत होते आणि तात्या कौतुकानं दिलीपकडं. खेळ संपल्यावर ठकूबाईंनी मला बाजूला घेतलं. "ह्ये उभं राहून इचारायचं, ते कायबी इचारता येतंय व्हय?"

"काहीही, मावशी. गावाबद्दल काहीही."

"आन् उत्तर द्यावंच लागतंय?"

"द्यावंच लागतं. कायदाच आहे तसा."

"बरं बरं," ठकूबाई म्हणाल्या आणि मेंढरांकडं निघून गेल्या. मी सरांना जाऊन सांगितलं की, सर, जागृती सुरू झाली.

पाचवा दिवस ग्रामस्वच्छतेचा. आम्ही तात्यांना विचारलं, कुठून सुरुवात करू? तात्या खुर्चीवर बसून दाढी करत होते. त्यांनी ब्रशनंच दिशा दाखवली, "शाळंमागचा उकिरडा काढा की." शाळेमागं गेलो तर मेंढरांच्या वाड्याच्या काट्यांच्या कुंपणाला लागून एक मोठा काळा ढीग, वर गोणपाटाचं चवाळं टाकलेलं, कडेनं दगड लावलेले. आता नीट आठवलं की कळतं, उकिरड्याला कुणी चवाळं पांघरत नाही. पण सेवेचं भूत एकदा अंगात शिरलं की माणसाला चवाळं दिसत नाही. दिलीपनं एक नामी युक्ती काढली. गावाबाहेर रस्त्याला घळ पडली होती, टँकर तिथं दर वेळी अडकायचा. हा सगळा ढीग त्या घळीत टाकला तर गाव स्वच्छ आणि रस्ताही दुरुस्त, एका दगडात दोन पक्षी. सरांनी त्याची पाठ थोपटली. दिवसभर आम्ही पाट्या वाहिल्या. वर मुरूम टाकला, पाणी न शिंपडता जेवढा धुमसता, म्हणजे ठोकून दाबता, येईल तेवढा धुमसला, आणि बारा जणांनी नाचून नाचून तो सपाट केला. खरं सांगते, त्या शिबिरात आमच्या हातून एकच काम नीट, पक्कं आणि मनापासून झालं, ते हे. संध्याकाळी टँकर घळीवरून न अडकता गेला आणि ड्रायव्हरनं आम्हाला सलाम ठोकला.

हात धुऊन मी ठकूबाईंकडं जेवायला गेले. सूर्य टेकडीवर आला होता. त्या भाकरी थापत होत्या आणि मी भुकेनं आणि अभिमानानं इतकी भरले होते की घास तोंडात असतानाच सुरू झाले. "मावशी, आज आम्ही शाळेमागचा सगळा उकिरडा उचलला. तुमच्या मेंढरांच्या वाड्याशेजारचा हो. आता बघा कसं लख्ख केलंय."

थापण्याचा आवाज थांबला. "कुटला उकिरडा?"

"तो काळा ढीग. चवाळं होतं त्याच्यावर."

ठकूबाईंचे दोन्ही हात परातीत तसेच राहिले. त्या क्षणी मला माझ्या हातांचा वास आला. साबणानं धुतले होते, तरी आला. हा वास मी जन्मल्यापासून ओळखत होते. आण्णांच्या बोटांना दर सुगीनंतर हाच वास यायचा. पावसाळाभर रोज पहाटे झाडून, टोपलीनं वाहून साठवलेली लेंडी होती ती. हस्ताचा पाऊस पडायच्या आत ठकूबाईंच्या पट्टीत पसरायची, मग शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायचा. शाळूची भाकरी वर्षभर, कडबा जनावरांना. त्यांच्या घरातलं सगळं त्या ढिगावर उभं होतं आणि मी, खताचं वेड असलेल्या बापाची लेक, वर मुरूम टाकून त्यावर नाचून आले होते. लाज वाटणं म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं, असं आज मी बेलाशक सांगू शकते.

मला वाटलं आता त्या ओरडतील. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली. "जेव. दिस बुडाय लागलाय." मग त्या उठल्या आणि चवाळं हुडकायला गेल्या.

मी धावत शाळेत आले आणि दिलीपला गाठून सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. पण गटप्रमुख होता, लगेच सावरला. "हे बघ नंदा, सेवेच्या प्रमाणपत्रावर सरपंचाची सही लागते. सही नाही तर निम्मे गुण गेले, सगळ्यांचेच. तात्या काय बोलणार नाहीत, त्यांनीच सांगितलं होतं. ती म्हातारी तरी कुणाला विचारणार आहे?" मी सरांच्या खोलीपर्यंत जाऊन दोनदा परत आले. सर दुसऱ्या दिवशीच्या आदर्श ग्रामसभेसाठी भाषण पाठ करत होते. मी त्यांना काही सांगितलं नाही. हे लिहिताना आजही मला बरं वाटत नाही.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. तात्या खुर्चीवर, शालनताई बायकांच्या घोळक्यात मागं. सर लोकशाहीवर बोलले, तात्या सरांवर बोलले, मग तात्यांनी आमच्या आभाराचा ठराव मांडला. "पोरांनी गाव आरशावानी केलं. कुनाला काय बोलायचं हाय का? न्हाई ना? मंजूर."

"माजं हाय," मागून आवाज आला.

ठकूबाई उभ्या होत्या. त्यांनी पदर खोचला, अगदी मी नाटकात खोचला होता तसा. "माजी लेंडी कुटं हाय?"

पटांगणात जो हशा उसळला, तो मी जन्मभर विसरणार नाही. तात्यांनी हात वर केला. "ठकूबाय, ही ग्रामसभा हाय. हितं गावाचं इचारायचं आसतं. खाली बसा."

"माजी लेंडी गावातलीच हाय. शाळंमागं व्हती. आता न्हाई. तिचं उत्तर पायजे." त्यांनी सरळ माझ्याकडं बोट दाखवलं. "ह्या पोरीनं सांगितलंय, उत्तर गावल्याबिगर बसायचं न्हाई. कायदा हाय. मी बसनार न्हाई."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. सरांचा चेहरा अजून आनंदानंच फुललेला होता. त्यांना एवढंच कळलं होतं की एक बाई ग्रामसभेत बोलली. दिलीप जमिनीकडं बघत होता. तात्या म्हणाले, "आसंल कुटंतरी. शेळीनं खाल्ली आसंल." पुन्हा हशा. ठकूबाई हसल्या नाहीत. आभाळात पूर्वेकडून ढग वर येत होते आणि त्या मधूनमधून तिकडं बघत होत्या. पाऊस आला असता तर घळीतलं सगळं ओढ्याला लागलं असतं, हे पटांगणातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक होतं आणि तरी जो तो हसत होता. मग माझे पाय आपोआप उभे राहिले. आवाज मात्र राहीना. नाटकात चार आळ्यांना ऐकू जाणारी मी, पहिल्या रांगेलाही ऐकू जाईना.

"मी टाकली," मी म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी. घळीत. उकिरडा समजून. मला काल संध्याकाळीच कळलं होतं आणि मी सांगितलं नाही."

"शेतकऱ्याची हाईस न्हवं?" ठकूबाईंनी विचारलं.

"हो. आमच्या रानात दर वर्षी मेंढरं बसवतात."

"मंग तुजा बाप लेंडीला काय म्हनतो?"

"सोनं म्हणतात," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. एका म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अरारारा, बापाचं सोनं आन् लेकीचा उकिरडा!" या खेपेला हशा आमच्यावर होता आणि तो रास्त होता. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

तात्यांनी ओळखलं की आपल्या ब्रशपर्यंत गोष्ट येणार. ते घाईनं म्हणाले, "झालं गेलं. पोरं हाईत. पुढच्या सालाला ठकूबायनी दुसरी साठवावी. सभा संपली."

"थांबा."

आवाज बारीक होता, कुणाचा ते आधी कळलं नाही. बायकांच्या घोळक्यातून शालनताई उभ्या राहिल्या होत्या. पदर डोक्यावरून ढळला होता. "सभा आजून संपल्याली न्हाई. ठकूआत्याला उत्तर गावल्यालं न्हाई."

"आगं, पन मी म्हनलं न्हवं..."

"तुमी बसा," शालनताई म्हणाल्या. "सरपंच बोलतीया." तात्या बसले. मग आपण कुणाच्या खुर्चीत बसलोय ते ध्यानात येऊन पुन्हा उठले. शालनताई खुर्चीत बसायला गेल्या नाहीत, जागेवरूनच बोलल्या. ज्यांनी लेंडी घळीत टाकली त्यांनी ती उकरून काढायची, मुरूम चाळून वेगळा करायचा, आणि पाऊस यायच्या आत थेट ठकूआत्याच्या रानात पसरायची. घळ दगडांनी भरून द्यायची. आणि कॉलेजच्या कागदावर सही ठकूआत्या म्हणेल तेव्हा. सरांनी हात वर केला, जणू तेच विद्यार्थी आहेत. "सरपंचबाई, मीसुद्धा पाटी घेईन. चालेल ना?"

त्या संध्याकाळी जेवायला जायचं धाडस मला झालं नाही. मी शाळेच्या पायरीवर बसून राहिले. ठकूबाई स्वतः आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "चल. दिस बुडाय आला. भांडान लेंडीचं हाय, भाकरीचं न्हाई."

पुढचे दोन दिवस आम्ही जे केलं त्याचं वर्णन करायला माझ्या पाठीला विचारावं लागेल. आपण धुमसलेलं आपणच उकरायचं, यासारखी शिक्षा कुठल्या पीनल कोडात नसेल. टिकावाचा घाव बसला की मुरूम उडायचा, लेंडी तशीच खाली चिकटलेली. "कुणी एवढं दाबलंय रं?" असं सर ओरडले आणि बाराजणांनी माना खाली घातल्या. ठकूबाई घळीच्या काठावर बसून प्रत्येक पाटीत हात घालून बघत. "ह्यात खडं हाईत. पुन्यांदा चाळ." दिलीपची पाटी त्यांनी चारदा परत पाठवली. टँकरचा ड्रायव्हर आला, घळ पुन्हा उघडी बघून त्यानं हॉर्न मारला आणि दिलीप सवयीनं उडी मारून ढिगातच पडला. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गावातल्या बायका एकेक करून पाट्या घेऊन आल्या, कुणी बोलावलं नसताना. शालनताईही होत्या. आभाळ अगदी खाली उतरलं होतं. शेवटची पाटी रानात पसरली तेव्हा माझ्या हातावर टपोरे दोन-तीन थेंब पडले. ठकूबाईंनी रानाच्या बांधावरून सगळीकडं एकदा नजर फिरवली, वाकून चिमूटभर उचललं, बोटांत चुरडलं आणि नाकाजवळ नेलं. "जरा मुरूम ऱ्हायलाय," त्या म्हणाल्या. "पन चालंल." मला हसू आलं आणि आण्णांची फार आठवण आली.

माझी मुलगी आता कॉलेजात आहे. तिच्याकडंही असे सेवेचे तास असतात. परवा ती हातात झाडू घेऊन काढलेला फोटो मला दाखवत होती. मी म्हटलं, झाडलेलं कुणाचं होतं ते विचारलंस का? ती म्हणाली, आई, तू प्रत्येक गोष्टीत काहीतरी काढतेसच.

निघायच्या दिवशी सकाळी सरांनी छापील प्रमाणपत्र शाळेच्या टेबलावर ठेवलं. 'सदर विद्यार्थ्यांनी या गावी ... दिवस सेवाकार्य केले.' मोकळ्या जागेत सरांनी सोयीसाठी पेन्सिलीनं आठ लिहून ठेवलं होतं. तात्यांनी सवयीनं खिशातून पेन काढलं. शालनताईंनी हात पुढं केला. तात्यांनी पेन दिलं. हात तसाच राहिला. तात्यांनी इकडंतिकडं बघितलं, खिसा चाचपला आणि शिक्काही दिला. शालनताईंनी कागद नीट वाचला, एकेक शब्द ओठांनी जुळवत, आणि दाराशी उभ्या असलेल्या ठकूबाईंकडं वळल्या.

"आत्या, किती दिस लिवू?"

ठकूबाईंनी आमच्याकडं बघितलं, शाळेच्या भिंतीला टेकलेल्या रिकाम्या पाट्यांकडं बघितलं. "दोन लिव," त्या म्हणाल्या.

सर चपापले. "अहो बाई, मुलं आठ दिवस होती इथं."

"व्हती की," ठकूबाई म्हणाल्या. "त्यातलं दोन दिस त्येंनी आमची सेवा केली. बाकीचं दिस आमी त्येंची केली. त्याचा कागद आमाला कोन देनार?"

शालनताईंनी बोट ओलं करून पेन्सिलीचा आठ पुसला, शाईनं दोन लिहिलं, सही केली आणि शिक्का दाबून उठवला.